साच्याला हात न लावता

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. नायगावच्या एका मुन्सिपाल्टीच्या शाळेत मी एकवीस वर्षं सातवीला शिकवलं. त्यातली पहिली बारा वर्षं माझा आवाज खालच्या बसस्टॉपवर ऐकू जायचा म्हणे. जाऊ दे. माझ्या वर्गातली पोरं स्कॉलरशिपला बसत आणि पास होत. पाढे तीसपर्यंत, नद्या उगमापासून मुखापर्यंत, कविता एका दमात. बाईंनी बोलायचं आणि पोरांनी ऐकायचं, याला शिकवणं म्हणतात, अशी माझी पक्की समजूत होती.

त्र्याऐंशी सालच्या जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापकांनी, पालव सरांनी, मला दादरच्या एका शिबिराला पाठवलं. पाच दिवस, विषय प्रकल्प पद्धती. मी म्हटलं, "सर, बाहेर गिरण्यांचा संप चालू आहे, पोरं रिकाम्या पोटी येतायत, चोपन्नाचा वर्ग अडतीसवर आलाय, आणि मी तिकडे जाऊन कागदाच्या होड्या करू?" सर म्हणाले, "सुमेधाबाई, वरून ऑर्डर आहे." झालं. वरून ऑर्डर असली की पालव सर हवेचीसुद्धा हजेरी घेतील.

शिबिरात शिकवायला आग्नेस डिमेलो नावाच्या बाई होत्या. माहीमच्याच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. पांढरे केस, सुती झगा, मराठी माझ्याइतकंच चोख. पाचही दिवस त्या एवढंच सांगत होत्या, की मुलांना विचारा, तुम्हांला काय शोधायचंय? मग ती शोधतील, चुकतील, पुन्हा करतील. तुम्ही मधे हात घालायचा नाही. मी वहीत सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, या बाईंना अडतीस पोरं एकदम कधी बघायला मिळाली नसणार.

तरी ऑर्डर म्हणजे ऑर्डर. मी प्रकल्प केला. हो, मीच केला! विषय माझा, 'आपली मुंबई'. तीन रविवार घरी जमिनीवर बसून मी थर्माकोलचा राजाबाई टॉवर कापला, नऊ तक्ते रंगवले, मुलांना प्रत्येकी चार ओळी पाठ करायला दिल्या. तक्ते इतके देखणे झाले की शेजारच्या वर्गाच्या बाई तीन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये आग्नेसबाई बघायला आल्या. पोरांनी घडाघड म्हणून दाखवलं. बाई खूश होतील म्हणून मी पदर सारखा करून उभी. त्यांनी पुढच्या बाकावरच्या दत्तूला विचारलं, "हा टॉवर किती लांब आहे रे इथून? कधी गेलायस?" दत्तूनं पाठ केलेल्या चार ओळी पुन्हा म्हटल्या. त्यांनी विचारलं, "आणि हे सगळं कोणी बनवलं?"

अडतीस पोरं एका सुरात ओरडली, "बाईंनीऽऽ!"

काय अभिमान त्या आवाजात! मला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आग्नेसबाई हसल्या नाहीत, एवढंच त्यांचे उपकार. जाताना जिन्यात म्हणाल्या, "तुमचं कटिंग फार छान आहे हो." त्या रात्री मला झोप लागली नाही. राग त्यांचा आला होता, की माझा, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात खुर्चीवर बसले आणि विचारलं, "तुम्हांला काय शोधायचंय?" कोणी बोलेना. बाई विचारतात म्हणजे उत्तर पुस्तकात असणार, म्हणून निम्म्यांनी पुस्तकं उघडली. मी गप्प बसले. मला गप्प बसणं म्हणजे काय शिक्षा आहे, ते माझ्या नवऱ्याला विचारा. पाच मिनिटं गेली. मग तिसऱ्या बाकावरून गुणवंती धुरी उभी राहिली.

गुणवंती वर्गात सगळ्यांत हुशार. बारकी, दोन वेण्या, एक वेणी नेहमी सैल, कारण वेण्या घालणारी आई वर्षभरापूर्वीच धाकट्या दोघांना घेऊन मालवणकडे गावी गेली होती. संप सुरू झाल्यावर अशी किती घरं अर्धी झाली. गुणवंतीला तिच्या बाबांनी मागे ठेवून घेतलं ते फक्त शाळेसाठी, कारण गावात शाळा चौथीपर्यंतच. ती म्हणाली, "बाई, कापड कसं बनतं?"

मी म्हणणार होते, अगं, तुझा बाप साचेवाला आहे, तुला माहीत नाही? शब्द ओठावर आले होते. पण मी विचारलं, "साचा कोणी कोणी बघितलाय?" साचा म्हणजे गिरणीतला माग. वर्गातल्या तीस पोरांचे बाप, काका, आजे गिरणीत. एक हात वर आला नाही. गिरणीच्या गेटातून आत पोरांना कोण सोडतो! ज्या साच्यावर ती वाढली, तो त्यांच्यापैकी एकानंही डोळ्यांनी पाहिला नव्हता. मी बारा वर्षं त्यांना नद्यांची मुखं शिकवत होते.

मग सुरू झालं. पोरांनी घरी जाऊन बापांना विचारायला सुरुवात केली. पावणेदोन वर्षं घरात बसून असलेले बाप. कोणी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला, कोणी नाक्यावर पत्ते कुटणारा. पोरगं वही घेऊन समोर बसलं, की ती माणसं बोलायला लागली. वह्यांत साच्याची चित्रं यायला लागली. पोरांनी दादरच्या भाजी मार्केटमधून फळांची खोकी आणली, सुतळी आणली, दोरे ओवायला खराट्याच्या हिरांची, म्हणजे काड्यांची, फणी केली. वर्गाच्या मागच्या भिंतीला टेबलाएवढा एक साचा उभा राहिला. वाकडा होता, डगमगत होता, पण पोरांनी केलेला होता. मी फक्त एकदा खिळा धरला, तर दत्तू म्हणाला, "बाई, तुम्ही नको."

अडचण एकच. साचा चालेना. उभे दोरे आळीपाळीनं वर-खाली व्हायला हवेत, म्हणजे मधून आडव्या दोऱ्याचा धोटा जातो. आमचे सगळे दोरे एकदम वर जायचे नाहीतर एकदम गुंतायचे. पोरं चार दिवस झगडली. शेवटी गुणवंती म्हणाली, "बाई, मी बाबांना विचारू? ते येऊन बघतील?"

"विचार ना," मी म्हटलं.

आणि इथं मी माती खाल्ली. गप्प बसायचं मी शिकले होते ते फक्त वर्गात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या शनिवारी प्रकल्पाचं प्रदर्शन ठरलेलं, शाळा तपासणारे बीट ऑफिसर बघायला येणार. त्या दिवशी सोमवार. गुणवंतीचं उत्तर यायच्या आतच मी खडू घेऊन खाली गेले आणि शाळेच्या गेटावरच्या फळ्यावर माझ्या त्या सुप्रसिद्ध अक्षरात लिहिलं: 'शनिवारी सकाळी दहा वाजता आपले पालक, कुशल कारागीर श्री. रमाकांत धुरी साचा चालवून दाखवतील. सर्वांनी यावे.' खाली वेलबुट्टीही काढली. कपाळ माझं.

मंगळवारी गुणवंती आली नाही. बुधवारीही नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत रमाकांत धुरी स्वतः आला. चाळिशीचा, उंच, खांदे थोडे पुढे आलेले. शर्ट धुऊन धुऊन विरलेला, पण इस्त्री केलेला. त्यानं माझ्या टेबलावर एक अर्ज ठेवला. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा.

"अहो, हे काय? सातवीच्या मधेच? गावात पुढे शाळा नाही म्हणालात ना?"

"नाय," तो म्हणाला. "पण आता हय ऱ्हवचा नाय."

मी चिडले. मुलगी स्कॉलरशिप आणेल अशी, आणि हा माणूस तिला शेणगोठ्याला जुंपायला निघालाय! मी बोलत सुटले. तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "बाईनु, तुम्ही फळ्यार लिवलात."

"लिहिलं. मग?"

तेव्हा त्यानं सांगितलं. त्याच्या चाळीतल्या साचेवाल्यांनी मागच्या वर्षी गणपतीच्या मांडवात शपथ घेतली होती, की संपाचा निकाल लागेपर्यंत कुठल्याही साच्याला हात लावायचा नाही. गिरणीच्या नाही, भिवंडीच्या पॉवरलूमच्या नाही, कुठल्याच नाही. पुढे दोघं जण गुपचूप भिवंडीला कामाला जाऊ लागले. कळल्यावर चाळीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या बायकांना नळावर कोणी जागा देत नव्हतं. आणि आता शाळेच्या गेटावर, सगळा नायगाव जिथून जातो तिथे, मोठ्या अक्षरात रमाकांत धुरीचं नाव होतं.

"अहो, पण ते शाळेचं आहे! फळांच्या खोक्याचं खेळणं आहे ते!"

"खेळणा कसा, बाई?" तो शांतपणे म्हणाला. "त्येच्यार कापड होतला मा? मग तो साचोच."

त्यानं सांगितलं, की सोमवारी संध्याकाळपासून त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं. मंगळवारी गुणवंती नळावर गेली, तर बायकांनी तिची कळशी रांगेतून बाजूला काढून ठेवली. बारा वर्षांची पोर रिकामी कळशी घेऊन घरी आली आणि बापाला म्हणाली, आज पाणी कमी होतं.

"चेडू खोटा बोलला माझ्यासाठी," तो म्हणाला. चेडू म्हणजे पोरगी. त्यानं तोंड फिरवलं. "मी साच्याक हात लावलंय नाय, लावचंय पण नाय. पण सांगू कोणाक? शनिवारी आमी जातव गावाक."

तो गेल्यावर मी खाली धावले. फळा पुसला आणि लिहिलं: 'सोमवारची सूचना मी श्री. धुरी यांना न विचारता लिहिली होती. चूक माझी आहे. सुमेधा कर्णिक, वर्गशिक्षिका.' वेलबुट्टी नाही काढली. शाळा सुटल्यावर त्यांच्या चाळीतही गेले. चाळीच्या संप कमिटीचा म्होरक्या शिवा नावाचा साचेवाला होता, काळा, दांडगा, मिशीवाला. खाली ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही चांगल्या घरच्या. त्याला पाठीशी घालताय, समजतं आम्हाला."

म्हणजे मी खरं बोलले तर तेही त्याच्याच खात्यावर! मी तिथून तणतणत निघाले, ती दादरपर्यंत चालत आले, बस पकडायचंही सुचलं नाही.

गुरुवारी वर्गात गेले. पोरं साच्याभोवती नुसती बसली होती. त्यांना सगळं माहीत होतं, चाळीत काय लपून राहतं? मी फळ्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मी चुकले. गुणवंतीनं बाबांना विचारायच्या आत मी लिहून टाकलं. माझ्यामुळे ती गावी चाललीय. काय करावं मला कळत नाही." पोरांसमोर 'कळत नाही' हे मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग सगळी एकदम बोलायला लागली. एक म्हणाली साचा मोडून टाकू. दुसरा म्हणाला, मोडायचा कशाला, झाकून ठेवू. दत्तू म्हणाला, "बाई, शपथ हात न लावायची आहे ना? तोंड न उघडायची कुठे आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे गुणवंतीच्या बाबांनी नुसतं तोंडानं सांगायचं. हात आमचे."

मी म्हणणार होते, छान, मी शिवाशी बोलते. पण मी जीभ चावली. म्हटलं, "मग विचारायला कोण जाणार?"

सात जणं गेली. वह्या-पेन्सिली घेऊन. मी शाळेत थांबले, येरझाऱ्या घालत. नंतर मला कळलं ते असं. पोरं ओट्यासमोर रांगेत उभी राहिली आणि दत्तूनं वहीतून प्रश्न वाचला, "शपथेत साच्याविषयी बोलायला बंदी आहे का?" ओट्यावर सहा-सात माणसं होती. शिवानं मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "बोलायला कसली बंदी?" दुसरा प्रश्न, "जवळ उभं राहायला?" शिवा म्हणाला, "नाही." तिसरा, "हात मागे बांधून उभं राहिलं तर?" मागे कोणीतरी हसलं. शिवा हसला नाही. म्हणाला, "हात लागला नाही पाहिजे. आणि मी स्वतः बघायला येणार. जा, सांगा तुमच्या बाईंना."

पोरांनी जाऊन बोलावलं म्हणून शुक्रवारी सकाळी रमाकांत आला, सोबत गुणवंती. शिवा त्यांच्या आधी येऊन खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता, पहारेकऱ्यासारखा. दोघं एकमेकांकडे बघेनात. रमाकांतनं साच्याभोवती एक फेरी मारली. वाकला, डोकं तिरकं करून खालून बघितलं. दोन्ही हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. मला वाटलं, आता तो सांगेल, इथे असं करा, तिथे तसं करा. त्यानं पोरांना विचारलं, "तुमका काय वाटता? खय अडता हा?"

पोरं म्हणाली, दोरे एकदम वर जातात.

"एकदम कित्याक जातत?"

पोरं वाकून बघायला लागली. पंधरा मिनिटं गेली. शिवा कट्ट्यावर चुळबुळ करत होता, त्याच्या तोंडावर उत्तर दिसत होतं. माझं तर डोकं फुटायची वेळ आली होती. रमाकांत मात्र उभा. अर्ध्या तासानं गुणवंती ओरडली, "सगळे एकाच दांडीला बांधलेत! दोन दांड्या पाहिजेत!" आणि तिचे बाबा एवढंच म्हणाले, "बघ बांधून."

मी मागच्या बाकावर बसून हे बघत होते. पाच दिवसांच्या शिबिरात वही भरून जे मला समजलं नव्हतं, ते शपथेनं हात बांधलेला हा माणूस माझ्यासमोर करत होता. त्याला दुसरा मार्गच नव्हता, हे खरं. पण मला माझ्या बारा वर्षांची लाज वाटली. दुपारी सुतळी सोडून, दुसरी दांडी बसवून, अर्धे दोरे वर आणि अर्धे खाली जायला लागले, तेव्हा पोरं बाकांवर चढून नाचली आणि मी कोणाला खाली उतर म्हटलं नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता बीट ऑफिसर आले. साधा, भला माणूस, चष्मा पुसत पुसत सगळं बघणारा. पालव सर त्यांच्या मागे घामाघूम. आणि दारात चाळीतले वीसेक साचेवाले. शिवा सर्वांत पुढे. ते प्रदर्शन बघायला आले नव्हते, रमाकांतचे हात बघायला आले होते. रमाकांत साच्याशेजारी उभा, हात पाठीमागे.

गुणवंती पाटावर बसली. दत्तू दांड्या वर-खाली करत होता, ती धोटा टाकत होती. एक ओळ, दुसरी, तिसरी. चार बोटं रुंद कापड हळूहळू खाली सरकायला लागलं. साहेब "वा, वा" म्हणाले. आणि तेवढ्यात मधला एक दोरा तुटला.

गुणवंतीनं दोन टोकं धरली. साधी गाठ मारली, ती जाड झाली, फणीत अडकली. सोडली. पुन्हा मारली, सुटली. साहेब चष्म्यातून रमाकांतकडे बघून अगदी सहज म्हणाले, "अहो, तुम्हीच बांधा ना. एका मिनिटाचं काम तुमचं. पोरीला कशाला त्रास?" आणि त्यांनी ते तुटकं टोक उचलून त्याच्यापुढे धरलं.

त्याचा उजवा हात पाठीमागून सुटला. मी बघितला. दारातल्या वीस जणांनीही बघितला. वीस वर्षांची सवय ती, दोरा तुटला की हात आपसूक जाणार. पोर समोर रडवेली झालेली. मला ओरडावंसं वाटत होतं, नको, आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की जाऊ दे रे बाबा, बांधून टाक, सोडव तिला.

त्यानं हात परत मागे नेला. म्हणाला, "माझा काम नाय ता, सायबानु. तिचो साचो तो." मग खाली वाकून गुणवंतीला म्हणाला, "टोकां एकार एक धर. अंगठो दाब."

तिनं दाबला. "लांब दोरो अंगठ्यावरसून फिरव. मागसून." ती चुकली. पुन्हा चुकली. आणि मग दारातून एक जाडा आवाज आला, "अगं अंगठा नको उचलूस! अंगठा!"

शिवा होता तो. त्याच्या मागून दुसरा, "टोक फासातनं काढ, फासातनं!" तिसरा, "तसं नाही, खालनं घे!" बघता बघता वीसच्या वीस माणसं दारातून आत घुसली आणि साच्याभोवती उभी राहिली. ओरडत होती, मान हलवत होती, एकमेकांना ढोसत होती. "हळू सांग रे, पोर घाबरेल!" "तूच ओरडतोयस मगापासून!" पावणेदोन वर्षांनी त्यांच्यासमोर दोरा तुटला होता. आणि त्यातल्या एकानंही हात पुढे केला नाही. कोणी बगलेत दाबून धरले होते, कोणी पाठीमागे, कोणी खिशात कोंबले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी पुसलंही नाही.

"आता ओढ," रमाकांत म्हणाला.

गुणवंतीनं ओढलं. बारीक, सपाट गाठ बसली. दत्तूनं दांडी खाली केली, धोटा गेला, गाठ फणीतून न अडता पार झाली. वीस माणसांनी एकदम श्वास सोडला. शिवा रमाकांतच्या शेजारी उभा होता. तो पुढे बघतच म्हणाला, "रमाकांत, संध्याकाळी मीटिंग आहे. ये." आणि रमाकांत म्हणाला, "येतंय."

साहेब काहीतरी छान लिहून गेले. पालव सरांनी त्या दिवशी दोन वेळा चहा मागवला. पण माझा जीव अडकला होता दाखल्यात. तो तयार होऊन माझ्या टेबलाच्या खणात होता. माणसं पांगल्यावर मी रमाकांतला म्हटलं, "आता तर जात नाही ना गावी?"

तो म्हणाला, "जावक होया, बाईनु. ह्या सगळा झाला, बरा झाला. आता मान वर करून जातंय. पण हय खातलव काय? बायल थय एकटी, भात कापूक इलो."

म्हणजे चाळीची अढी गेली, पण मुलगी जाणारच! शिवा आणि त्याची बायको जाईबाई अजून दारात उभी होती. गुणवंतीची कळशी रांगेतून काढणाऱ्यांत तीही होती, हे मला माहीत होतं. ती पुढे आली आणि खाली बघत म्हणाली, "पोरगी माझ्याकडे राहील. माझ्या तिघींत चौथी. आम्ही खाऊ ते खाईल." मी लगेच म्हटलं, नाहीतर माझ्या घरी माहीमला. रमाकांत म्हणाला, असा कसा, परक्याकडे चेडवाक ठेवन? शिवा म्हणाला, परके आम्ही? आम्ही चौघंही एकदम बोलत होतो. गुणवंती साच्याजवळ पाटावर बसून आमच्याकडे बघत होती. कोणी तिला विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"थांबा," मी म्हटलं. "गुणवंती, तुला काय करायचंय?"

आणि गप्प बसले. सांगते, आयुष्यात इतकं कठीण काही केलं नाही. 'राहते म्हण, राहते म्हण' असं माझं सगळं अंग ओरडत होतं. ती आपल्या बाबांकडे बघत राहिली. तिलाही जायचं होतं. आईला वर्षभर पाहिलं नव्हतं तिनं. ओठ आत ओढले, डोळे भरले. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही जावा. आयेक तुमची गरज आसा. मी सातवी करतंय. मे महिन्यात येतंय."

रमाकांत पोरीजवळ उकिडवा बसला. त्यानं तिच्या मांडीवरचं, साच्यावरून उतरवलेलं ते चार बोटांचं कापड उचललं, खिडकीकडे धरलं आणि सवयीनं त्यातले दोष शोधायला लागला. एक सापडला, दुसरा सापडला. त्या गाठीपाशी त्याचं बोट थांबलं. ती त्याला डोळ्यांनी दिसेना, बोटानं चाचपडून शोधावी लागली.

"बाईनु," तो मान वर न करता म्हणाला, "तो दाखलो रद्द करा. चेडवाक गाठ मारूक इली. मी हय नसलंय तरी चलात."

मी खण उघडला, दाखला काढला आणि फाडून टाकला. सरकारी कागद होता, पालव सर दारात उभे होते, ते काही बोलले नाहीत. दिवाळीच्या आधी रमाकांत एकटाच गावी गेला. त्याला एसटीत बसवायला गुणवंती, जाईबाई आणि शिवा गेले होते. त्यानंतरच्या सोमवारी गुणवंती जाईबाईच्या घरून वेळेवर शाळेत आली, दोन्ही वेण्या घट्ट घातलेल्या.